पक्षी हमखास दिसतील!

मंडळी,

गेल्या फेब्रुवारीत मी तुम्हा सगळ्यांना एक फोटो पाठवला होता, आठवत असेल. निळेशार पाणी, त्यावरून उठलेला रोहित पक्ष्यांचा थवा, आणि पंखांची आतली लाल-काळी बाजू उन्हात झळकणारी. "वा मावशी!", "काकू, या वयात कमाल केलीत!" असे तुम्ही भरभरून लिहिलेत. भाच्याने तर तो मोठा करून, चौकटीत बसवून पाठवून दिला. आठ महिने तो आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर होता. दिवाळीच्या साफसफाईत मी तो उतरवला, तो पुन्हा लावलाच नाही. पाडव्याला घरी आलेल्यांनी "फोटो कुठे गेला?" म्हणून विचारले, तेव्हा "काच फुटली" असे सांगितले. ते खोटे होते. काच शाबूत आहे.

आज खरे कारण लिहिते. भाच्याला राग येईल हे माहीत आहे. पण नुकताच ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह झाला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा, म्हणून हा आठवडा. त्या आठवड्यात माझ्या मोबाईलवर पक्षीनिरीक्षण सहलींच्या सात जाहिराती आल्या. त्यातल्या पाचांत 'हमखास' किंवा 'शंभर टक्के' हे शब्द होते. तेव्हा ठरवले की आता गप्प बसायचे नाही.

तर तो फोटो कसा निघाला ते ऐका.

मी तेव्हा पुण्याला लेकीकडे गेले होते. नातवाला सुट्टी होती म्हणून आम्ही दोघे एका सहलीत नाव घालून उजनीच्या जलाशयावर गेलो. सहल नेणाऱ्यांचे नाव सांगत नाही, आणि ज्या गावाहून होडीत बसलो त्या गावाचेही नाही, कारण चूक त्या गावाची नव्हती. पहाटे साडेतीनला मिनीबस निघाली, उजाडता उजाडता आम्ही पाण्यावर. आमच्या होडीत सात माणसे, त्यातल्या चौघांच्या हातांत लांबलचक नळकांड्यांचे कॅमेरे. सोबत सहलीचा तरुण मार्गदर्शक. होडीवाला चाळिशीचा, अबोल. रोहितांचा थवा दिसू लागला तसे त्याने इंजिन बंद केले आणि बांबू घेऊन होडी हळूहळू सरकवू लागला. मला ते फार आवडले. पक्षी मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाणी गाळत होते. चाळणीच ती. आमच्याकडे त्यांचे लक्षही नव्हते.

"अजून जवळ," मार्गदर्शक म्हणाला.

"साहेब, उठतील."

"उठू देत की! फ्लाइंग शॉटसाठीच आलेत सगळे."

होडीवाल्याने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले. आमच्यातले कोणी काही बोलले नाही. मग त्याने बांबू उचलून होडीच्या कडेवर दोनदा आपटला. रोहिताला बुलबुलासारखे भुर्रकन उडता येत नाही. एवढे थोरले अंग, त्याला पाण्यावरून पळत पळत वेग घ्यावा लागतो. ते सगळे धडपडत पळाले, पाणी उसळले, आणि थवा वर उठला. त्याला अग्निपंख म्हणतात ते का, हे तेव्हाच कळते, कारण तो रंग उभ्या पक्ष्यात नीट दिसतच नाही. होडीत एकच गलका झाला. मी पण "अगं बाई!" म्हणत मोबाईल वर धरला. तोच तुमच्यापर्यंत आलेला फोटो.

थवा लांब जाऊन बसला. पाच-सात मिनिटांत दुसरी होडी त्यांच्याकडे निघाली. आणि माझा नातू, वय वर्षे आठ, मार्गदर्शकाचा हात ओढून म्हणाला, "काका, परत उडवा ना!"

सगळे हसले. मीही हसले.

परतताना मात्र मला माझ्याच हसण्याने टोचायला सुरुवात केली. गणिताची शिक्षिका नव्हते मी, मराठी आणि भूगोल शिकवत होते, पण एवढा हिशेब जमतो. त्या सकाळी आमच्या डोळ्यांसमोर पाच होड्या होत्या. प्रत्येकीने एकदाच उठवले असे धरले तरी पाच वेळा. दोन फेऱ्या धरल्या तर दहा वेळा. खायला बसलेल्या माणसाला एका सकाळी दहा वेळा पानावरून उठवले तर तो तिसऱ्यांदा ताट भिरकावील. पक्षी भिरकावू शकत नाही, तो फक्त उडतो. आणि उडणे म्हणजे खाल्लेले अन्न जाळणे. याच पाण्यावर हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात. मार्चच्या सुमारास त्यांना हिमालय ओलांडून परत जायचे असते. ती शिदोरी ते इथल्या गवतावर आणि शेतांत चरून अंगावर बांधून घेतात. आपण तिच्यावर डल्ला मारतो, तोही फोटोसाठी.

माझा अपराध जास्त मोठा आहे, कारण दोनच महिने आधी मी याच्या नेमके उलटे पाहिले होते.

डिसेंबरात आम्ही सहा निवृत्त शिक्षिका नांदूर मध्यमेश्वरला गेलो होतो. माझी बरीचशी नोकरी निफाड तालुक्यात झाली, त्यामुळे ते पाणी मला पूर्वीपासून माहीत. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बंधारा बांधला तो शेतीच्या कालव्यांसाठी. पक्ष्यांचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. वर्षानुवर्षे गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि पक्ष्यांनी ती जागा आपली केली. १९८६ मध्ये अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत नाव आल्याचे जाहीर झाले, महाराष्ट्रातले पहिले. आमच्या वेळी मात्र पोरे त्याला नुसते 'धरण' म्हणायची.

आम्हाला मिळालेला गाईड आसपासच्या गावातलाच, द्राक्षबागेत काम करणाऱ्या घरातला. खांद्यावर तिपाईची दुर्बीण. मी शिक्षिका होते म्हटल्यावर तो मला 'बाई' म्हणू लागला आणि माझी वीस वर्षे कमी झाली! पहिली पंधरा मिनिटे त्याने आम्हाला काही दाखवलेच नाही. "आधी नुसतं ऐका," म्हणाला. धुके होते. हळूहळू ते विरळ झाले आणि पाण्यावर काळे काळे ठिपके दिसू लागले. "हे वारकरी," तो म्हणाला. अंग काळे आणि कपाळावर पांढरा टिळा. बुक्का आणि गंध. ज्याने कोणी हे नाव ठेवले त्याने पक्षीही नीट पाहिला होता आणि वारीही. चितमपल्लींनी अशी नावे रानावनांत राहणाऱ्या माणसांकडून आयुष्यभर गोळा केली, ती उगीच नाही. मग त्याने थापट्या बदके दाखवली, चमच्यासारख्या चोचीची. मग शेकाट्या, लांब गुलाबी पायांचा. प्रत्येकाबद्दल एक-दोन वाक्ये, आणि मग गप्प.

इतक्यात सगळी बदके एकदम उठली. मी दचकले. गाईडने वर बोट दाखवले. भोवत्या पाणथळावरून खालून खालून फिरत येत होता. शिकारी पक्षी. "बघा बाई, हे उठणं जिवाचं आहे," तो म्हणाला. भोवत्या गेला, बदके बसली, पण पुन्हा खायला लागायला त्यांना बराच वेळ लागला. घड्याळ लावून त्याने आम्हाला ते दाखवले. चौदा मिनिटे. हा धडा मी पुढे दोन महिन्यांत विसरले, त्याची लाज वाटते.

तिथे आमच्याबरोबर मनोऱ्यावर एक गृहस्थ होते. त्यांना लांबच्या काठावर क्रौंच दिसले. त्यांनी गाईडला खाली चिखलातून जवळ न्यायला सांगितले. तो म्हणाला, "इथून पुढं नाही जायचं." गृहस्थ चिडले. "मग पैसे कशाचे घेतोस रे?"

गाईड काही बोलला नाही. पण मंडळी, प्रश्न चांगला आहे, आणि माझ्या लेखाचा मुद्दा तोच आहे. पक्षी दाखवणारा माणूस पैसे कशाचे घेतो?

आम्हा शिक्षकांच्या बोलीत 'गाईड' या शब्दाला एक वेगळाच अर्थ आहे. बाजारात मिळते ते, तयार उत्तरांचे. मी एकतीस वर्षे वर्गात त्या गाईडांशी भांडले. मुलाला धडा वाचायला नको, विचार करायला नको, चुकायला नको. प्रश्न क्रमांक चार, उत्तर समोर हजर. पेपरात गुण पडतात आणि डोक्यात काही राहत नाही. उजनीचा तो तरुण त्या अर्थाने अगदी अस्सल गाईड होता. प्रश्न: रोहित उडताना कसा दिसतो? उत्तर: बांबू आपटा. नांदूरचा मुलगा मास्तर होता. तो पैसे घेत होता ते आम्हाला थांबवून ठेवण्याचे, हळू बोलायला लावण्याचे, आणि 'इथून पुढं नाही' म्हणण्याचे.

आणि खोट सगळी त्या 'हमखास' शब्दात आहे. रानातल्या पक्ष्याची हमी कोण देऊ शकतो? पक्षी काय एस.टी.चे वेळापत्रक वाचून येतो? ज्याने गिऱ्हाइकाला हमी दिली, त्याला ती कुठून तरी भरून काढावीच लागते, आणि तो ती पक्ष्याकडून वसूल करतो. थवा बसलेला असेल तर उठवून, पक्षी लपलेला असेल तर त्याच्या आवाजाची ध्वनिफीत स्पीकरवर लावून. भाचा मोठ्या कौतुकाने सांगत होता की पावसाळ्यात नवरंग पाहायचा तर "साउंड लावला की दोन मिनिटांत समोर!" अरे बाबा, तो तुला भेटायला येत नाही. ते दिवस त्याच्या विणीचे. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे वाटून तो खाणे, घरटे सोडून भांडायला धावतो. समोर कोणीच नसते, फक्त एक डबी आणि सहा कॅमेरे. त्या गटापाठोपाठ दुसरा गट येतो, तीच डबी पुन्हा वाजते. याला आपण निसर्गप्रेम म्हणायचे?

या विषयावर भाच्याशी फोनवर माझी दोनदा वादावादी झाली. त्याचे मुद्दे प्रामाणिकपणे मांडते आणि उत्तरही देते.

तो म्हणतो, "मावशी, गावातल्या लोकांचे पोट आहे त्यावर." शंभर टक्के मान्य. भीमेवर उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले तेव्हा काठच्या कितीतरी गावांची शेते-घरे पाण्याखाली गेली. त्या पाण्याने पुढे पक्षी आणले आणि पक्ष्यांनी पाहुणे. त्यावर कोणाची चूल पेटत असेल तर मला आनंदच आहे. पण तो बांबू होडीवाल्याने स्वतःच्या मनाने आपटला का? तो "उठतील" म्हणाला होता. सगळ्यांत कमी पैसे ज्याला मिळणार होते तोच एकटा पक्ष्यांच्या बाजूने बोलला. उतरताना बक्षिसी मिळाली ती मात्र बांबूची. आपण ज्याचे पैसे देऊ तेच विकले जाईल. आणि उद्या पक्ष्यांनी ती जागा सोडली तर सहल नेणारा दुसरा तलाव शोधील, होडीवाला कुठे जाईल?

तो म्हणतो, "फोटो पाहूनच लोकांना गोडी लागते." लागते का? आमच्या होडीत त्या दिवशी शेकडो फोटो निघाले. हे पक्षी खातात काय, येतात कुठून, त्यांना गुलाबी रंग कशाने येतो, एकानेही विचारले नाही. रोहित कच्छच्या रणात चिखलाची घरटी करतात आणि त्यांचा रंग त्यांच्या खाण्यातून येतो, हे मी नातवाला घरी आल्यावर सांगितले. सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. पण तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून 'ही कोणती?' हा प्रश्न त्या मुलाला पडला, आणि तो प्रश्न घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. त्या प्रश्नातून पुढचे सगळे झाले. आमच्या नातवाला प्रश्न पडला नाही. 'परत उडवा' अशी मागणी सुचली. हे शिक्षण त्याला आम्ही पैसे भरून दिले.

तो म्हणतो, "पक्ष्यांना सवय झालीय, दर वर्षी येतातच की." हे वाक्य मी आधीही ऐकले आहे. आमच्या शाळेत एक छडीबहाद्दर गुरुजी होते, ते म्हणत, "मारतो तरी पोरं येतात ना शाळेत?" येणार नाहीत तर जातील कुठे? गावात दुसरी शाळा होती का? पाणथळ जागा बुजत चालल्यात, त्यामुळे उरलेल्या जागी पक्षी येतात. त्याला संमती समजू नये.

शेवटी तो म्हणतो, "नदीतले सांडपाणी, पाणवेली, हे मोठे शत्रू सोडून तू चार हौशी लोकांना का धरतेस?" मोठे शत्रू मोठेच आहेत. गोदाकाठी राहते, मला ते नाकाने कळते. पण घर गळते आहे म्हणून चिखलाचे पाय घेऊन आत यायचे का? सांडपाणी थांबवणे माझ्या एकटीच्या हातात नाही. बांबू थांबवणे होते. एक शब्द बोलायचा होता, तोही बोलले नाही.

कायद्याचेही सांगते, मी वकील नाही तरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. तीत मारण्या-पकडण्याबरोबर प्राण्याला हाकणे आणि आमिष दाखवणे हेही आले आहे. अभयारण्यात वन्य प्राण्याला त्रास देण्यालाही बंदी आहे. पण होडीत कायदा घेऊन कोण बसतो? तिथे माणसांची लाजच उपयोगी पडते, म्हणून हा लेख.

माझे म्हणणे सहली बंद करा असे मुळीच नाही. उलट खूप जावे, मुलांना न्यावे, गावातल्याच गाईडला घ्यावे आणि त्याला भरपूर पैसे द्यावेत. फक्त नाव घालण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. तुम्ही पक्ष्यांचे आवाज वाजवता का? होडी किती अंतरावर थांबवता? आणि पक्षी दिसलेच नाहीत तर काय? तिसऱ्या प्रश्नाला जो "दिसतील हो, हमखास!" म्हणेल त्याच्याबरोबर जाऊ नये. "नाही दिसले तर नाही दिसले, पुन्हा या" असे जो म्हणेल त्याचा नंबर मला पाठवा. आणि होडीत बसताना होडीवाल्याला सगळ्यांदेखत आधीच सांगावे, "दादा, पक्षी उठले नाहीत तर तुमची बक्षिसी दुप्पट." हे मी आता करणार आहे. भाच्याने हसावे वाटल्यास.

आमच्या शिक्षिकांच्या गटाने जानेवारीत एका सहलीचे ठरवले होते. पत्रकात 'शंभर प्रजाती नक्की' असे छापलेले पाहून मी नाव काढून घेतले. दोघी-तिघी रुसल्या आहेत. "तुझे आपले काहीतरीच, सगळ्यांचा विरस करतेस," असे ऐकावे लागले. असो. चाळीस वर्षांची मैत्री एका सहलीने तुटणार नाही, असे धरून चालते.

नातवाशीही बोलले. दिवाळीत तो आला होता. मी त्याला सांगितले की आपण त्या दिवशी चुकलो, तू नाही, मी चुकले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग तू काकांना सांगितलं का नाहीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजून नाही. तो गेल्यावर फोटो काढलेल्या जागी मी दिनदर्शिका अडकवली.

तो फोटो कृपया पुढे पाठवू नका. कोणी पाठवलाच तर तो कसा निघाला तेही सोबत लिहा.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी आणि नातू नांदूर मध्यमेश्वरला जाणार आहोत. भाच्यालाही बोलावले आहे, कॅमेऱ्यासकट. तो अजून हो म्हणालेला नाही. नाशिकहून पहाटे पाचला निघू. दुर्बिणी दोन आहेत, आळीपाळीने बघता येईल. डबा ज्याचा त्याने आणावा. कोणाला यायचे असेल तर फोन करा.

काय दिसेल ते मात्र सांगता येत नाही.